कान खोटं बोलतो तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नागपंचमीला किंवा मंगळागौरीच्या रात्री मुली फुगडी घालतात, ती तुम्ही पाहिली असेल. हात गुंफायचे, पाय जुळवायचे, अंग मागे टाकायचं आणि गरगर फिरायचं. मग दोघी थांबतात, पण अंगण काही थांबत नाही. एखादी धपकन खाली बसते, एखादी भिंत धरते आणि सगळ्या हसतात.

हे का होतं? आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोकं वळलं की नळी लगेच वळते, द्रव थोडा मागे राहतो. तेवढ्या फरकानं आतले केसासारखे तंतू वाकतात आणि मेंदूला बातमी जाते की, आपण फिरतोय. पण त्याच वेगानं फिरत राहिलं तर दहा-वीस सेकंदांत द्रवही नळीच्या बरोबरीनं फिरायला लागतो. फरक संपतो आणि कान म्हणतो, आता आपण स्थिर आहोत. फुगडी थांबते तेव्हा नळी थांबते, द्रव चालूच राहतो. तेव्हा कान सांगतो, आपण उलट्या अंगानं फिरतोय. म्हणजे फिरत असताना तो म्हणतो स्थिर, आणि स्थिर झाल्यावर म्हणतो फिरतोय.

अंगणात हे हसण्यावारी जातं, कारण डोळे उघडे असतात आणि पायाखाली जमीन असते. ढगात शिरलेल्या विमानात यांपैकी काहीच मदतीला नसतं.

वैमानिकांवर बोला, असं मला सुचवलं गेलं तेव्हा अपेक्षा बहुधा वेगळी असावी. कवी आहे, तर निळ्या आभाळाबद्दल बोलेल, पक्ष्यांबद्दल बोलेल, फार तर ‘लिटल प्रिन्स’ लिहिणाऱ्या सेंत-एक्झ्युपेरीबद्दल बोलेल. हा फ्रेंच लेखक स्वतः विमानातून टपाल वाहायचा आणि १९४४ साली महायुद्धात टेहळणीच्या उड्डाणावर गेला तो परत आलाच नाही. त्याच्यावर बोलायला मलाही आवडलं असतं. पण मला कुतूहल आहे ते या कानाचं. आम्हा कवींचा सगळा व्यवहार कानावर चालतो. ओळीत एक मात्रा कमी पडली तर बोटांवर मोजण्याआधी कानाला खटकते. आतून जे ठामपणे वाटतं ते खरं, एवढ्या भांडवलावर आम्ही जन्म काढतो. आणि वैमानिकाच्या शिक्षणात एक टप्पा असा येतो, जिथे त्याला नेमकं याच्या उलट शिकवतात. तुला आतून जे ठामपणे वाटतंय, त्याच्यावर जाऊ नकोस.

हे शहाणपण विमानविद्येला फुकट मिळालेलं नाही. सुरुवातीचे वैमानिक डोळ्यांवर उडत. खालची नदी, किनारा, रेल्वेचे रूळ हेच त्यांचे नकाशे. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर १५ ऑक्टोबर १९३२चं घ्या. जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ नावाचं छोटं विमान घेऊन निघाले. बरोबर टपालाची पिशवी. वाटेत अहमदाबादला उतरले, तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. पेट्रोल भरून ते मुंबईत जुहूच्या मैदानावर पोचले. पुढे मद्रासपर्यंतचं टपाल त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंटसेंट यांनी नेलं. विमानात वायरलेस नव्हता, जमिनीवरून वाट दाखवणारं काही नव्हतं. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, म्हणून त्या दिवसांत हा कारभार पुण्याला हलवावा लागे. १९२९ साली आपल्या देशात वैमानिकाचा पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला तो याच माणसाला. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई हे उड्डाण पुन्हा करून दाखवलं.

अशा उड्डाणात नजर पोचते तोवर चिंता नसते. ढग आला की प्रश्न सुरू होतो. त्या काळातल्या पुष्कळ वैमानिकांची समजूत अशी होती की, खरा उडणारा माणूस डोळे मिटूनही सांगू शकतो विमान सरळ आहे की कललेलं आहे. त्याला ते बैठकीतून कळतं. घोडेस्वाराला मांड कळते तसं. ज्याला कळत नाही तो कच्चा. आणि ढगात शिरून जे परत आले नाहीत, त्यांच्याबद्दल हळहळत लोक म्हणत, बिचाऱ्याचा हात कच्चा होता.

ही समजूत मोडली एका खुर्चीनं. रॉबर्ट बारानी नावाचे व्हिएन्नाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या कानात गार किंवा कोमट पाणी सोडलं की त्याला भोवळ येते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यावरून त्यांनी कानाच्या आतल्या या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा अभ्यास केला. त्यांना १९१४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं, ते जाहीर झालं तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. त्यांच्या नावानं ओळखली जाणारी एक फिरती खुर्ची आहे. १९२६ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये अमेरिकी लष्कराचे वैमानिक विल्यम ऑकर यांना वैद्यकीय तपासणीत डोळे मिटून या खुर्चीत बसवलं गेलं आणि हळूहळू फिरवलं गेलं. खुर्ची कुठल्या दिशेला फिरते आहे ते सांगा, एवढाच प्रश्न. ऑकर मुरलेले वैमानिक होते. त्यांची उत्तरं चुकली. खुर्चीचा वेग कमी झाला की ते म्हणत थांबली, थांबली की म्हणत उलटी फिरते आहे. आपली फुगडीच.

दुसऱ्या एखाद्यानं खुर्चीलाच नावं ठेवली असती. ऑकर यांनी एक पेटी तयार केली. आत वळण दाखवणारं भिरभिऱ्याच्या तत्त्वावरचं यंत्र, होकायंत्र आणि छोटा दिवा. पेटीत तोंड खुपसून ते पुन्हा खुर्चीत बसले आणि यंत्राकडे बघून उत्तरं देऊ लागले. सगळी बरोबर आली. एवढा साधा प्रयोग, पण त्यातून निघालेली गोष्ट वैमानिकांच्या अभिमानाला झोंबणारी होती. कच्चा-पक्का असा भेदच नव्हता. हा कान प्रत्येकाला फसवतो.

तीन वर्षांनी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी जे केलं ते आज वाचतानाही विश्वास बसत नाही. ते मागच्या आसनावर बसले आणि वरून झाकण ओढून घेतलं. बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पुढच्या आसनावर काही चुकलंच तर सांभाळायला बेन केल्सी हा वैमानिक होता, त्यानं आपले हात सगळ्यांना दिसतील असे वर ठेवले होते. डूलिटल यांनी फक्त यंत्रांकडे बघून विमान जमिनीवरून उचललं, वळवलं, परत आणलं आणि त्याच मैदानावर उतरवलं. पंधराएक मिनिटांचा हा खेळ. त्यांच्या समोर एक नवं यंत्र होतं, कृत्रिम क्षितिज. बाहेरचं क्षितिज दिसत नाही, तर भिरभिऱ्याच्या जोरावर एक क्षितिज आत आणून बसवायचं. आजही प्रत्येक विमानात वैमानिकाच्या नाकासमोर हेच असतं. वरचा अर्धा भाग निळा, खालचा मातकट, मध्ये विमानाची छोटी खूण.

आणि हे यंत्र वाचायला न शिकता कोणी ढगात शिरलं तर? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली याचा प्रयोग झाला. यंत्रांवर उडवण्याचं शिक्षण न घेतलेले वीस जण घेतले, त्यांना ढगात असल्यासारखी स्थिती करून दिली. वीसच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला. सरासरी वेळ किती, तर १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आपल्याकडे चहा उकळायला याहून जास्त वेळ लागतो.

ताबा सुटतो तो धाडकन नाही. एक पंख हळूहळू खाली झुकतो, इतका हळू की कानाला पत्ता लागत नाही. पंख झुकला की विमान वळायला लागतं, नाक खाली जातं, वेग वाढतो. वैमानिकाला दिसतं की उंची कमी होते आहे. तो स्वाभाविकपणे दांडा मागे ओढतो. पण विमान कललेलं असल्यामुळे ओढण्यानं उंची मिळत नाही, वळण आणखी आवळलं जातं. विहिरीत उतरणाऱ्या गोल जिन्यासारखं विमान खाली जातं आणि आतला माणूस शपथेवर सांगेल की, आम्ही अगदी सरळ चाललो आहोत. याहून वाईट म्हणजे, त्याचं लक्ष जाऊन त्यानं विमान खरोखर सरळ केलं, तर त्याच क्षणी त्याला वाटतं की ते दुसऱ्या बाजूला कललं. सगळं अंग ओरडतं, पुन्हा पहिल्यासारखं कर. तेव्हा अंगाचं न ऐकता समोरच्या तबकडीचं ऐकायचं, हे काम किती अवघड असेल याची कल्पना करा. भूक लागली, तहान लागली, तोल गेला, हे आपण कोणाला विचारत नाही. अंग सांगतं आणि आपण मानतो. अंग कधी ‘मला असं वाटतं’ म्हणत नाही, ते ‘असं आहे’ म्हणतं.

म्हणून शिकाऊ वैमानिकाला यासाठी मुद्दाम घोळात टाकतात. आपल्या राज्यात बारामतीला, गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. अशा ठिकाणी मुलं-मुली शिकत असतात. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण व्हावं लागतं आणि त्यातले काही तास या आंधळ्या कोशिंबिरीचे असतात. डोक्यावर पुढे झडप असलेली टोपी, म्हणजे बाहेरचं दिसत नाही. शिक्षक म्हणतो, डोळे मीट, मान खाली घाल. मग तो विमान वेडंवाकडं करतो आणि म्हणतो, घे, आता तुझं. विद्यार्थ्यानं डोळे उघडायचे, यंत्रं वाचायची आणि विमान सरळ करायचं. बघायची पद्धतही ठरलेली असते. नजर एका तबकडीवर खिळवायची नाही. क्षितिज, मग वेग, पुन्हा क्षितिज, मग उंची, पुन्हा क्षितिज, मग दिशा. सुगरण बाई एका वेळी चार शेगड्यांवर लक्ष ठेवते तशी नजर फिरती ठेवायची.

कारण यंत्रंही आपापल्या परीनं खोटं बोलतात. आमच्या घरी एक छोटं होकायंत्र असे, वडील प्रवासात ते बरोबर ठेवायचे, नमाजासाठी किब्ल्याची दिशा बघायला. ते सपाट जागी ठेवायचं आणि सुई स्थिरावेपर्यंत थांबायचं, हा त्यांचा नेम. वैमानिकाला थांबायची सोय नाही. विमान उत्तरेकडून वळायला लागलं की होकायंत्राची सुई आधी चक्क उलट्या बाजूला सरकते. म्हणून दिशेसाठी भिरभिऱ्याचं वेगळं यंत्र असतं. ते वळणात चळत नाही, पण हळूहळू भरकटतं. छोट्या विमानात दर पंधरा मिनिटांनी ते होकायंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. उंची सांगणारं यंत्र खरं तर हवेचा दाब मोजतं. त्या ठिकाणचा दाब किती हे त्याला नीट सांगितलं नाही, तर एका मिलिबारच्या चुकीला सुमारे सत्तावीस फुटांचा फरक पडतो. वेग सांगणाऱ्या यंत्राची नळी बाहेर हवेत असते आणि तिचं तोंड कुंभारीण माशीला घर करायला फार आवडतं. म्हणून विमान उभं असताना त्यावर लाल पट्टीचं आवरण घालतात आणि उड्डाणाआधी वैमानिक विमानाभोवती फेरी मारतो तेव्हा ते काढलंय ना, हे बघतो. मध्यरात्री पाऊस पडत असतानाही विजेरी घेऊन ही फेरी होते.

आता एक अशी घटना सांगायची आहे जी मुंबईच्या किनाऱ्यावर घडली आणि जिथे हा सगळा हिशेब आणखी अवघड होतो.

१ जानेवारी १९७८. रात्रीची वेळ. सांताक्रूझहून एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट दुबईला निघालं. आत २१३ माणसं. धावपट्टी सोडून विमान पश्चिमेला समुद्रावर आलं, उजवीकडे हलकं वळलं आणि सरळ झालं. पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज सरळ झालं नाही. ते बिघडलं होतं. ते दाखवत होतं की, विमान अजून उजवीकडे कललेलंच आहे. बाहेर अमावास्येसारखा अंधार, शहराचे दिवे मागे पडलेले, पुढे नुसता काळा समुद्र. खरं क्षितिज कुठेच नाही. कॅप्टननं यंत्राप्रमाणे विमान डावीकडे झुकवायला सुरुवात केली. आपल्या यंत्राचं काहीतरी बिनसलं आहे असं त्यांच्या तोंडून निघालं. शेजारच्यानं उत्तर दिलं, पण त्यानं गोंधळ मिटला नाही. फ्लाइट इंजिनिअरनं तिसऱ्या, राखीव यंत्राकडे लक्ष वेधून, यावर चला, असं सुचवलं. तोवर फार उशीर झाला होता. उड्डाणानंतर १०१ सेकंदांनी विमान वांद्र्याच्या समोर समुद्रात कोसळलं. कोणी वाचलं नाही.

तेव्हा मी लहान होतो. त्या काळात आमच्या कोकणातल्या गावागावांतून माणसं आखातात जात होती. दुबई हा शब्द घराघरात मनिऑर्डरीबरोबर यायचा. त्यामुळे ही बातमी रेडिओवर आली तेव्हा मोठी माणसं रेडिओभोवती गप्प उभी होती एवढं आठवतं. पुढे मोठेपणी या अपघाताबद्दल वाचलं तेव्हा एक गोष्ट मनात रुतून बसली. त्या कॅप्टनना अठरा हजार तासांचा अनुभव होता. चौकशीत ठपका त्यांच्यावर आला, आणि नियमानं पाहिलं तर तो चूक म्हणता येणार नाही, कारण बाकीची यंत्रं खरं सांगत होती. पण घरी खुर्चीत बसून ठपका ठेवणं मला जमत नाही. आयुष्यभर त्या माणसाला शिकवलं गेलं की, अंगाचं ऐकू नको, यंत्राचं ऐक. त्या रात्री त्यांनी यंत्राचंच ऐकलं. एक साक्षीदार खोटा निघाला तर दुसरा विचारायचा, दुसऱ्याचं तिसऱ्याशी ताडून पाहायचं, हेही त्यांना माहीत होतंच. त्यासाठी लागणारे दहा-बारा सेकंद मात्र त्यांच्या हातून निसटले.

विमानात ताडून पाहायला यंत्रांखेरीज आणखी एक साक्षीदार असतो, शेजारी बसलेला माणूस. गंमत अशी की त्याचा उपयोग कसा करायचा हे शिकायला जगाला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मुंबईच्या त्या अपघाताआधी नऊ महिने, २७ मार्च १९७७ रोजी, स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरिफ बेटावर दोन जंबो जेट विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं. केएलएम कंपनीच्या विमानाचे कॅप्टन हे त्या कंपनीचे सगळ्यात नावाजलेले शिक्षक. उड्डाणाची परवानगी मिळाली असं समजून त्यांनी विमान सोडलं. दुसरं विमान अजून धावपट्टीवर होतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्यानं विचारलंसुद्धा की ते विमान बाजूला झालं नाही का? कॅप्टननं ठासून सांगितलं, झालं की. इंजिनिअर पुढे बोलला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला दुसऱ्यांदा कसं विचारायचं?

हे वाचताना मला परका देश वाटतच नाही. आपल्याकडे तर वडीलधाऱ्याला, साहेबाला, उस्तादाला सरळ ‘तुमचं चुकतंय’ म्हणायची भाषाच नाही. आपण म्हणतो, ‘नाही, म्हणजे, मला आपलं वाटलं…’ आणि वाक्य अर्धवट सोडून देतो. समोरच्यानं समजून घ्यावं अशी अपेक्षा. दिवाणखान्यात ही रीत शोभते. कॉकपिटमध्ये ती जीव घेते. २२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळलं, १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत निघालं की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते, आणि उतरण्याच्या थोडं आधी जागे झाले होते. विमान फार उंचावरून, फार वेगानं खाली येत होतं. को-पायलटनं उतरू नका, वर घ्या, असं एकदा नाही, तीनदा सुचवलं होतं. म्हणजे इथे बोलणाऱ्यानं बोलायचं काम केलं होतं. ऐकणाराच झोपेच्या गुंगीतून पुरता बाहेर आला नव्हता.

टेनेरिफनंतरच्या काळात वैमानिकांना बोलायला आणि ऐकायला रीतसर शिकवलं जाऊ लागलं. आता बहुतेक कंपन्यांत नियम असा आहे की, कनिष्ठानं दोनदा स्पष्ट सांगूनही कॅप्टनचा प्रतिसाद नसेल तर त्यानं विमान आपल्या हातात घ्यायचं. उतरताना दोघांपैकी कोणीही ‘गो अराउंड’ म्हटलं की वाद न घालता विमान वर न्यायचं. तुम्ही विमानात असताना चाकं टेकायच्या बेतात विमान अचानक पुन्हा वर गेलं, तर आजूबाजूचे प्रवासी कुरकुरतात, पायलट नवखा दिसतो म्हणतात. मला अशा वेळी त्या नवख्याला चहा पाजावासा वाटतो.

भाषेचीही झाडाझडती झाली आणि तिथे माझ्यातला कवी जागा होतो. टेनेरिफला ‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगी मिळण्याआधीच दोन्ही बाजूंनी संभाषणात आला होता. नियंत्रकाला जे म्हणायचं होतं ते कॅप्टनच्या कानाला वेगळं ऐकू आलं. आणि ज्या क्षणी खुलासा झाला असता त्याच क्षणी दोन जण एकदम बोलले, त्यामुळे कॉकपिटमध्ये नुसती किरकिर ऐकू आली. त्यानंतर ठरलं की ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना तेवढाच उच्चारायचा. बाकी वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचं. एक शब्द एका क्षणासाठी राखून ठेवला. आम्ही एकाच अर्थाला दहा शब्द शोधतो आणि एका शब्दातून चार अर्थ निघाले तर वाहवा घेतो. त्यांच्याकडे एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर चौकशी बसते. नियंत्रकानं सांगितलेली उंची, दिशा, धावपट्टी वैमानिकानं जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते. मदरशात मूल धडा परत म्हणून दाखवतं, शाळेत पाढे म्हणतं, तसं. ऐकलं एवढ्यावर भागत नाही. काय ऐकलं ते ऐकवावं लागतं.

बाकी वैमानिकांच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे आकर्षण वाटतं, टोपी, पट्ट्या, परदेशची हॉटेलं, त्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात मला फारसं काही सापडलं नाही. झोपेचं गणित कायम बिघडलेलं असतं. पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान माणसाचं शरीर झोप मागतं आणि भारतातली आखाती उड्डाणं नेमकी त्याच वेळी असतात. सणावाराला घरी असण्याची खात्री नसते. ठरावीक मुदतीनं वैद्यकीय तपासणी होते, तीत एखादा दोष निघाला तर वयाच्या चाळिशीत धंदा बंद. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, तिथे इंजिन बंद पाडतात, आग लावतात, यंत्रं खोटी पाडतात. डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि कवी यांच्यापैकी कोणाची दर सहा महिन्यांनी परीक्षा घेतात? घेतली तर आमच्यापैकी किती जण पास होतील, हा प्रश्न मी मुद्दाम पुढे नेत नाही.

मुंबईहून रात्री आखाताकडे जाणारी विमानं आजही बहुतेक वेळा पश्चिमेला तोंड करून उडतात. खिडकीशी बसला असाल तर वर्सोव्याचे दिवे पंखाखालून मागे जाताना दिसतील आणि मग एकदम काही दिसणार नाही. आत प्रवासी पट्टे सैल करण्याची वाट बघत असतात, कोणी तोंडातल्या तोंडात दुआ म्हणत असतो. पुढच्या दाराआड दोघं बसलेले असतात. धावपट्टीवर एका ठरावीक वेगापर्यंत कॅप्टनचा हात इंजिनाच्या दांड्यावर होता. तो वेग आला तेव्हा शेजारच्यानं मोठ्यानं तसं सांगितलं आणि कॅप्टननं हात काढून घेतला, कारण आता थांबायचं नाही, आणि हात तिथे राहिला तर थांबायचा मोह होतो. आता दोघांसमोर एकेक क्षितिज आहे, आणि मध्ये तिसरं, छोटं, त्याची वीज वेगळी. दोन बाजूंत फरक पडला तर पडद्यावर तशी सूचना येते. बाहेर काळोख. कॅप्टनचं अंग सांगतंय की नाक फार वर गेलंय, थोडं खाली घे, कारण वेग वाढताना कान नेहमी हेच सांगतो. कॅप्टन ते ऐकत नाहीत. शेजारी बसलेली पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी उंचीचा आकडा बघते आणि मोठ्यानं सांगते की, विमान वर चाललं आहे. कॅप्टन म्हणतात, चाकं घे. ती चाकं आत घेते.